‘हातोडी ठोकून बोट कळत नाही’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

जुनी फायबरची बोट घेण्याआधी काय तपासावं आणि तिची झीज कशी दुरुस्त करावी, या माझ्या लेखावर काल रात्री एक लांबलचक प्रतिक्रिया आली. लिहिणाऱ्यांनी नाव दिलेलं नाही, म्हणून मी नुसतं ‘तुम्ही’ म्हणतो. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुमचं म्हणणं असं की पॉलिस्टर रेझिनबद्दल, म्हणजे काचेच्या तंतूंना जोडून फायबर बनवणाऱ्या द्रवाबद्दल, लिहिताना मी ‘हार्डनर’ हा शब्द चुकीचा वापरला. जेलकोटच्या, म्हणजे बोटीच्या बाहेरच्या चकचकीत थराच्या, भेगा म्हणजे वयाच्या सुरकुत्या, पुट्टी भरून रंग मारला की विषय संपला. दुरुस्तीच्या कडेला बारास एक असा (जाडीच्या बारापट लांब) उतार घासायला सांगून मी लोकांना चांगलं फायबर वाया घालवायला लावतो. एपॉक्सीवर, म्हणजे दुरुस्तीत वापरायच्या दुसऱ्या जातीच्या रेझिनवर, जेलकोट धरत नाही. आणि या सगळ्याच्या आधी, अगदी पहिल्याच ओळीत: ‘हातोडी ठोकून बोट कळत नाही. लाकडी होड्यांच्या काळातल्या युक्त्या सांगून नवख्यांना घाबरवण्यापेक्षा एक मीटर विकत घ्या.’ मीटर म्हणजे ओल दाखवणारं यंत्र. शेवटी जाता जाता ‘खुर्चीत बसून बोटींवर लिहिणारे फार झाले आहेत’ असंही एक वाक्य तुम्ही टाकलं आहे.

त्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण रात्रीची झोप त्यानंच उडवली. मुद्दा खोडायचा असेल तर खुशाल खोडा, पण माणूस कुठे बसून लिहितो हे तुम्हाला कसं कळलं? मी १९ वर्षं दुरुस्तीच्या शेडमध्ये काढली आहेत. उलट्या ठेवलेल्या हलखाली (बोटीच्या धडाखाली) पाठीवर झोपून, डोक्यावर ग्राइंडर धरून, तोंडाला मास्क आणि मनगटांना चिकटपट्टी गुंडाळून. तरीही काचेची धूळ कॉलरमधून आत जाते आणि रात्रभर मान खाजते. घासकाम झाल्यावर आधी गार पाण्यानं अंग धुवावं, गरम पाण्यानं खाज आणखी भडकते, हे मला कुठल्या लेखानं शिकवलं नाही. माझ्या उजव्या कोपराच्या आत आजही एपॉक्सीचा थेंब लागला की पुरळ उठतं. खुर्चीत बसून ही ॲलर्जी होत नाही. ‘मी वीस वर्षं बोटी वापरतो आहे’ असं तुम्ही लिहिलं आहे, आणि त्याचा मला आदर आहे. पण बोट वापरणं वेगळं आणि बोट उघडून आत काय झालं आहे ते पाहणं वेगळं. वीस वर्षं डेकवर चालणाऱ्या माणसानं त्या डेकच्या पोटात एकदाही डोकावलेलं नसतं, असं मी अनेकदा पाहिलं आहे.

तुमचा एक मुद्दा मात्र बरोबर आहे आणि तो मी आधीच मान्य करून टाकतो. पॉलिस्टरमध्ये आपण जे एक ते दोन टक्के घालतो, त्याला सगळे जण शेडमध्ये हार्डनर म्हणत असले तरी ते हार्डनर नव्हे, कॅटॅलिस्ट आहे. ते फक्त रेझिनमधली साखळी सुरू करून देतं. एपॉक्सीचा हार्डनर मात्र तयार होणाऱ्या पदार्थाचा भागच बनतो, म्हणून त्याचं प्रमाण डब्यावर लिहिलं असेल तेच ठेवावं लागतं. लवकर सुकावं म्हणून एपॉक्सीत हार्डनर जास्त ओतला तर ते कायमचं चिकट किंवा कमजोर राहतं. एकच शब्द दोन्हीकडे वापरल्यानं नवख्या वाचकाचा गोंधळ होऊ शकतो. चूक माझी आहे. दाखवून दिल्याबद्दल आभार. हे एका ओळीत, चांगल्या शब्दांत सांगितलं असतं तरी मी इतक्याच तातडीनं मान्य केलं असतं.

आता हातोडीकडे येतो.

‘हातोडी ठोकून बोट कळत नाही.’ सगळी बोट कळते असं मी कुठे लिहिलं आहे? लेखात हातोडीचा परिच्छेद आहे, त्याच्या लगेच खाली मीटरचा परिच्छेद आहे आणि त्याच्याखाली स्क्रू काढून भोकात पाहण्याचा. तिन्ही एकत्र वाचायचे आहेत. तुम्ही पहिला वाचलात, पुढचे दोन सोडलेत आणि प्रतिक्रिया लिहायला बसलात, असंच दिसतं. मीटर वापरू नका असा एक शब्दही लेखात नाही. माझ्याकडे मीटर आहे. तो मी प्रत्येक तपासणीला नेतो. पण तो काय मोजतो आणि काय मोजत नाही, हे न कळता त्याच्या काट्यावर विश्वास ठेवणाऱ्या माणसाची मला काळजी वाटते, आणि तुमची प्रतिक्रिया वाचून ती वाढली आहे.

डेक म्हणजे बहुतेक बोटींत एकसंध फायबर नसतं. वर फायबरची एक पातळ कातडी, खाली दुसरी, आणि मध्ये गाभा: बाल्सा (एक हलकं लाकूड), फोम किंवा प्लायवूड. दोन कातड्या एकमेकींपासून दूर धरून ठेवणं हे गाभ्याचं काम. त्या दूर आहेत आणि गाभ्याला घट्ट चिकटलेल्या आहेत म्हणूनच एवढं हलकं डेक माणसाचं वजन पेलतं. चिकट सुटली की दोन्ही कातड्या आपापल्या वाकू लागतात आणि त्या डेकची ताकद जवळपास संपते. आता सांगा, मीटर यातलं काय मोजतो? तो मोजतो ओल. चिकट आहे की सुटली आहे, हे सांगायची त्याच्याकडे काही सोयच नाही.

हातोडी सांगते ती नेमकी हीच गोष्ट. हलकी, प्लॅस्टिकच्या तोंडाची हातोडी घ्यायची. नसेल तर स्क्रूड्रायव्हरची मूठ किंवा जाडसर नाण्याची कड. जोरात मारायचं नाही, नुसतं मनगटातून सोडायचं. चांगल्या जागी आवाज टणक येतो आणि हातोडी बोटांत उसळते. सुटलेल्या जागी फुटक्या मडक्यासारखा बद्द आवाज येतो आणि हातोडी जागच्या जागी मरते. कानाआधी बोटांना कळतं, हे लेखात लिहायचं राहून गेलं होतं, ते इथे लिहितो. पाच-सात सेंटिमीटरच्या अंतरानं सरळ ओळीत जायचं, आवाज बदलला की खडूनं खूण करायची. सगळं झाल्यावर खुणा जोडल्या की आजारी भागाचा नकाशा डेकवरच तयार होतो. खालून बल्कहेड (आतली आडवी भिंत) किंवा स्ट्रिंगर (लांबीनं जाणारा आधार) गेला असेल, क्लीटखाली (दोर बांधायच्या खुंटीखाली) भरीव ठोकळा असेल, तर तिथेही आवाज बदलतो. म्हणून आधी आत उतरून कुठे काय आहे ते पाहून यायचं. आणि शेजारी जनरेटर चालू असताना हे करायला जाऊ नये, शांतता लागते.

याला तुम्ही ‘लाकडी होड्यांच्या काळातली युक्ती’ म्हटलंत. हो, तिथलीच आहे. माझे वडील लाकडी होड्या दुरुस्त करायचे. फळी कुजली आहे का ते पाहायला ते ठोकत पुढे जायचे आणि मी मागून खडूची खूण करत यायचो. तेव्हा मी बारा-तेरा वर्षांचा असेन. एखाद्या फळीपाशी ते थांबायचे, पुन्हा ठोकायचे आणि मला विचारायचे, ‘काय ऐकलंस?’ ती युक्ती जुनी आहे हे मी लपवलेलं नाही. पण जुनी म्हणून निकामी कशी? बाल्सा म्हणजे लाकूडच ना? ट्रान्सममध्ये, म्हणजे बोटीच्या मागच्या सपाट भिंतीत, घातलेलं प्लायवूड लाकूडच ना? कित्येक बोटींचे स्ट्रिंगर लाकडावर फायबर चढवून केलेले असतात, तेही लाकूडच. वरून जेलकोट चमकतो म्हणून आतलं लाकूड कुजायचं थांबत नाही. उलट ते झाकलेलं असल्यानं कुजलेलं दिसत नाही, एवढाच फरक.

आता मीटरविषयी, कारण तुमचा सगळा भर त्यावर आहे. फायबरला भोक न पाडता वापरायचा मीटर आतल्या थरांत विजेचं क्षीण क्षेत्र सोडतो आणि ओलीमुळे त्यात होणारा बदल दाखवतो. त्यावरची टक्केवारी बहुधा लाकडासाठी ठरवलेली असते. फायबरवर ‘२२’ आकडा आला म्हणजे २२ टक्के पाणी आहे असा अर्थ होत नाही, फक्त एका जागेची दुसऱ्या जागेशी तुलना करता येते. आतून धातूची पट्टी असेल, मागे पाण्याची टाकी असेल, तळाला तांब्याचा अँटीफाउलिंग (शेवाळ-शिंपले धरू न देणारा) रंग असेल, आतल्या बाजूनं दमटपणा साचला असेल, तर काटा उगाच वर जातो. बोट पाण्यातून काढल्या काढल्या तळाला मीटर लावला तर सगळीकडे ओलच दिसणार. काही दिवस वाळू द्यायला हवं आणि पाण्याच्या रेषेच्या वरच्या भागाशी ताडून पाहायला हवं. हे सगळं ज्याला माहीत आहे त्याच्या हातात मीटर हे फार चांगलं हत्यार आहे.

आणि उलट बाजूही आहे. तीच मला सगळ्यात महाग पडली, म्हणून इतकं लिहितो आहे.

माझी स्वतःची पहिली बोट, सुमारे सात मीटरची, मी अशीच जुनी घेतली होती. आधीच्या मालकानं ती दोन-तीन वर्षं शेडमध्ये झाकून ठेवली होती. डेकवर ताजा रंग होता. त्याच्याकडे मीटर होता. त्यानं माझ्यासमोर नाळेपासून मागपर्यंत तो फिरवला आणि काटा सगळीकडे खालीच राहिला. मी खिशातून हातोडी काढली तर तो हसला. ‘ही काय लाकडाची होडी आहे का?’ असंच काहीतरी म्हणाला. माझ्यासोबत दोन मित्र होते, तेही हसले. मी हातोडी परत खिशात ठेवली. तुमची पहिली ओळ वाचली तेव्हा मला तो क्षण जसाच्या तसा आठवला, हे प्रामाणिकपणे सांगतो.

पहिल्याच मोसमात पुढच्या डेकवर क्लीटजवळ पाय ठेवला की करकर आवाज येऊ लागला. टाच दाबली की कातडी खाली जायची आणि सोडली की वर यायची. तेव्हा हातोडी काढली. क्लीटपासून पुढच्या हॅचपर्यंत (डेकमधल्या झाकणापर्यंत) सलग बद्द आवाज. कटरची पात तीन मिलिमीटरवर बांधून वरची कातडी कापली आणि उचलली. तिला उचकटावी लागली नाही, झाकणासारखी हातात आली. खाली बाल्सा उरलाच नव्हता. तपकिरी, कोरडा, बोटांत चुरडला जाणारा भुगा होता. कोरडा! कुणीतरी क्लीटचे स्क्रू गाभ्यात सरळ पिळले होते, भोकांच्या कडा बंद न करता. त्या वाटेनं वर्षानुवर्षं पाणी आत गेलं. बाल्साचे तंतू उभे ठेवलेले असतात, त्यामुळे पाणी आडवं हळू पसरतं हे खरं. पण तो लहान ठोकळ्यांच्या चादरीच्या रूपात बसवतात आणि ठोकळ्यांमधल्या फटी रेझिननं भरल्या नसतील तर पाण्याला आयते पाट मिळतात. गाभा कुजला, चिकट सुटली आणि मग बोट शेडमध्ये कोरड्या जागी उभी राहिली. कुजलेला गाभा वाळला. मीटर खोटं बोलत नव्हता. ओल नव्हतीच, पण डेकही नव्हतं.

तीन महिन्यांच्या संध्याकाळी त्या दुरुस्तीत गेल्या. भुगा खरवडला, खालची कातडी घासून स्वच्छ केली, घट्ट केलेल्या एपॉक्सीच्या थरात नवा गाभा बसवला, वर वजनं ठेवली, जुनी कातडी परत चिकटवली आणि कापलेल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना उतार घासून काचेच्या पट्ट्या चढवल्या. प्रत्येक भोक आधी मोठं केलं, आतला गाभा आकड्यानं कोरून काढला, एपॉक्सीनं भरलं आणि मग त्या भरलेल्या एपॉक्सीत स्क्रूचं भोक पाडलं. खिशातली हातोडी पाच मिनिटं वापरली असती तर ती बोट मी घेतली नसती, किंवा काय घेतो आहे हे समजून घेतली असती.

‘नवख्यांना घाबरवता’ असं तुम्ही म्हणता, म्हणून उलट उदाहरणही देतो. एका माणसानं आपल्या मोटरबोटीच्या ट्रान्समवर मीटर लावला आणि काटा शेवटपर्यंत गेला. तो ट्रान्सम कापून काढायला निघाला होता, कारण कुणीतरी त्याला मीटर दाखवेल तेच खरं असं सांगितलं होतं. मी आधी ठोकून पाहिलं. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत टणक. इंजिन वर उचलून त्याच्या खालच्या टोकावर वजन टाकलं आणि ट्रान्सम वाकतो का ते पाहिलं. जरासाही नाही. मग खालच्या बाजूचे दोन स्क्रू काढले. पाणी आलं नाही. भोकात बारीक ड्रिल फिरवलं तर निघालेला भुगा पांढुरका आणि कोरडा, त्याला लाकडाचा चांगला वास. आतून पाहिलं तेव्हा कळलं की इंजिनाच्या बोल्टांना आधार म्हणून मागे रुंद ॲल्युमिनियमची पट्टी बसवली होती. काटा त्या पट्टीमुळे वर जात होता. ट्रान्सम आजही तोच आहे. त्या दिवशी भीती मीटरनं घातली होती आणि ती घालवली हातोडीनं.

हातोडीच्या मर्यादाही मला माहीत आहेत आणि त्या लेखात आहेत. गाभा ओला झाला आहे पण अजून सुटलेला नाही, अशा अवस्थेत आवाज चांगला येऊ शकतो. तिथे मीटर आधी ओळखतो. म्हणूनच मी दोन्ही वापरतो. हातोडी आणि मीटर यांचं मत जुळलं नाही की स्क्रू काढतो, भोकात पाहतो आणि मगच बोलतो. इतकं सरळ आहे हे. ‘हे सोडा आणि ते विकत घ्या’ असं जे तुम्ही वाचकाला सांगता, ते मी सांगणार नाही.

बाकीच्या मुद्द्यांवर फार वेळ घालवत नाही. भेगांबद्दल: जेलकोट जेमतेम अर्धा मिलिमीटर असतो आणि खालच्या लॅमिनेटपेक्षा (फायबरच्या थरांपेक्षा) ठिसूळ असतो. तो नुसताच म्हातारा झाला असेल तर बारीक जाळी सगळीकडे पसरलेली दिसते. पण रेलिंगच्या पायापासून चांदणीसारख्या भेगा फुटल्या असतील तर तिथे खालचा भाग वाकतो आहे, आणि आधार न वाढवता पुट्टी भरलीत तर पुढच्या मोसमात त्याच जागी, त्याच भेगा परत दिसतील. एक भेग टोकदार हत्यारानं उघडून ती लॅमिनेटपर्यंत गेली आहे का ते पाहायला पाच मिनिटं लागतात. ‘विषय संपला’ असं ठोकून देण्याआधी तेवढं करायला हरकत नाही.

उताराबद्दल: सहा मिलिमीटर जाडीला बारापट म्हणजे कडेपासून ७२ मिलिमीटर. घासताना जीव वर-खाली होतो हे मान्य. पण नवी काच जुन्या काचेला फक्त त्या उतारावर धरून राहते, दुसरं काही तिला धरत नाही. जे घासलं ते वाया गेलं नाही, तीच नव्या थराची पकड आहे. पाण्याच्या रेषेखाली मी ते कमी करणार नाही आणि कुणाला कमी करायलाही सांगणार नाही. घासण्याआधी मेण सॉल्व्हंटनं पुसून काढा एवढं पुन्हा सांगतो, कारण ते न पुसता ग्राइंडर लावला तर तेच मेण फायबरमध्ये रगडलं जातं आणि मग कितीही लांब उतार काढला तरी उपयोग नाही.

एपॉक्सीवर जेलकोट धरत नाही, हे वाक्य मी शेडमध्ये शेकडो वेळा ऐकलं आहे. एपॉक्सी पूर्ण सुकू दिलं, वर आलेला मेणचट थर आधी पाण्यानं धुतला आणि नंतर घासलं, तर धरतो. न धुता घासलं तर तो थर पसरतो आणि जेलकोट खाली चिकट राहतो. न धरलेले जे जे नमुने मी पाहिले, त्यांत धुणं राहिलेलं होतं किंवा घाई झालेली होती. यावर आणखी वाद घालायची माझी इच्छा नाही.

तुम्ही पुन्हा लिहावं असं मला खरोखर वाटतं. वीस वर्षं बोट वापरणाऱ्या माणसाकडे सांगण्यासारखं बरंच असतं. फक्त पुढच्या वेळी लेख शेवटपर्यंत वाचा आणि माझ्या खुर्चीबद्दल अंदाज बांधू नका. आणि तुमचं स्वतःचं डेक एकदा ठोकून पाहा, विशेषतः क्लीट, रेलिंगचे पाय आणि हॅचची चौकट यांच्या भोवती. बद्द जागा सापडली तर तिथला एक स्क्रू काढून भोकात बारीक तार फिरवा आणि टोकाला काय लागून येतं ते इथे लिहा. मी पुढचं सांगेन, आणि मीटरही घेऊन बसेन.

लेखातला ‘हार्डनर’ हा शब्द आज सकाळी बदलला आहे. हातोडीचा परिच्छेद आहे तसाच आहे. बोटांना आवाजाआधी कळतं, ते वाक्य तेवढं त्यात वाढवलं आहे.